मोठी बोट आणि महिन्याचा हप्ता

दौंड आणि शिरूर हे दोन्ही तालुके नदीकाठचे. शिरूरचे तर दुसरे नावच घोडनदी. पण आम्ही मंडळी दर्यावर्दी कधीच नव्हतो. नदी ओलांडायची, मासे धरायचे, पुरात अडकलेल्या माणसाला काढायचे, एवढ्यापुरताच होडीशी संबंध. सिद्धटेकच्या गणपतीला जायचे तर दौंडहून शिरापूरला यायचे आणि होडीतून भीमा ओलांडायची. पूल झाला आणि होडीची ती गरज संपली. पुढे नदीत बोटी पुन्हा दिसू लागल्या त्या वाळू उपसणाऱ्या. महसूल खात्याची पथके त्या पकडून फोडतात, बातमी छापून येते, आणि काही दिवसांनी नव्या बोटी पाण्यात उतरतात.

आता तिसऱ्या तऱ्हेची बोट आली आहे. ती पाहुण्यांची. १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी मागे सरकत इंदापूर, करमाळा, कर्जत आणि दौंड तालुक्यांच्या शिवारांत पसरले. त्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, हिमालयापलीकडून पट्टकदंब येतात आणि त्यांच्यामागे पुण्या-मुंबईचे कॅमेरेवाले. धरणाने ज्यांच्या वडिलांची जमीन घेतली त्यांना त्याच पाण्याने उशिरा का होईना चार पैसे द्यावेत, यात वावगे काही नाही. शिरूर तालुक्यात चिंचणीच्या घोड धरणावरही आज ना उद्या हाच धंदा वाढेल.

धंदा वाढला की माणसाला मोठे काहीतरी हवे होते. आठ माणसांची होडी असलेल्याला तीस माणसांची बोट हवी असते. वर छप्पर, आत केबिन, गादीच्या खुर्च्या. नवी परवडत नाही, म्हणून बंदरातली किंवा खाडीतली वापरलेली बोट पाहायची आणि ट्रेलरवर घालून घाट चढवून आणायची. उभी हयात बँकेत गेल्यामुळे असले बेत माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. ‘‘साहेब, लहान बोटीत पाहुणे घाबरतात. मोठी घेतली की बिनघोर,’’ असे एक होतकरू तरुण मला म्हणाला. या ‘बिनघोर’ शब्दाबद्दलच मला बोलायचे आहे.

मोठी बोट म्हणजे सुरक्षित बोट, ही समजूत खरी नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या तलावावर ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट उलटली आणि ४५ माणसे गेली. बोट जुनीही नव्हती. काठावर जनावरे दिसली, माणसे एका अंगाला धावली आणि बोट कलंडली. ७ मे २०२३ रोजी केरळातच तानूरला २२ जण बुडाले, त्यांत बरीच मुले. ती मूळची मासेमारीची बोट. तिच्यावर बांधकाम करून ती सहलीची दुमजली बोट केलेली होती. आमच्या पाण्यावरही माणसे पक्षी पाहायलाच येतात. डाव्या हाताला रोहितांचा थवा उठला तर तीसजण उजवीकडे स्वस्थ बसून राहतील काय?

यामागचे गणित शाळकरी मुलालाही समजावे इतके सोपे आहे. बोटीची लांबी दुप्पट केली तर कलण्याला विरोध करणारी पाण्यावरची बैठक दुप्पट होते. रुंदी दुप्पट केली तर ती आठपट होते. म्हणजे तोल सांभाळते ती रुंदी, लांबी नव्हे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत मात्र लांबी भरते. त्यात वर छप्पर आणि छपरावर माणसे चढली की वजन उंचावर जाते. तळाला पाणी साचले तर आणखी वाईट. परात भरून पाणी घ्या आणि जरा तिरकी करा. सगळे पाणी कललेल्याच बाजूला धावते. तळातले पाणी नेमके तेच करते.

शिवाय धरणाचे पाणी म्हणजे खाडी नव्हे. उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि त्यातले निम्म्याहून अधिक ‘मृत साठ्या’त मोडते. बहुतेक उन्हाळ्यांत साठा ‘उणे’ टक्क्यांत उतरतो. पाणी ओसरले की बुडालेली जुनी शिवारे वर येऊ लागतात. विहिरींची बांधकामे, झाडांचे बुंधे, पळसदेवचे देऊळ. समुद्रासाठी बांधलेल्या बोटीचा तळ खोल असतो. जानेवारीत जिथून ती सहज गेली तिथेच एप्रिलमध्ये ती बुंध्यावर बसेल. जाळी आणि जलपर्णी पंख्यात गुंतेल ती वेगळीच. आणि वळवाचा वारा? २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण गेले, त्यांत दोन लेकरे होती. २०१७ च्या एप्रिलमध्ये याच जलाशयात सहलीला आलेल्या चार डॉक्टरांचा अंत झाला होता.

तरीही जुनी बोट घ्यायचीच असेल तर ती बैलाइतक्या बारकाईने पाहावी. रंगावर जाऊ नये. रंग विकणाऱ्याने कालच दिलेला असतो. फायबरचा सांगाडा मडके वाजवून घेतो तसा लाकडी हातोडीने वाजवून पाहावा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आतले लाकूड भिजून कुजले असे समजावे. मागचा फळा, जिथे इंजिन अडकवतात, तिथे हे हमखास होते. इंजिन थंड असताना स्वतःसमोर सुरू करायला लावावे. मग काठालगत, कमरेएवढ्या पाण्यात बोट उभी करून माणसांऐवजी वाळूची पोती भरावीत. माणशी ६५ किलो धरले तर तीस माणसांचे १,९५० किलो होतात, म्हणजे ५० किलोची ३९ पोती. ती हळूहळू एका अंगाला सरकवावीत. पाणी काठाशी येऊ लागले की थांबावे. विकणारा काहीही म्हणो, बोटीची कुवत तिथे कळते. सर्वेक्षकाच्या दाखल्याची जागा ही चाचणी घेऊ शकत नाही. पण दाखल्यापर्यंत जायचे की नाही ते ती सांगते.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. समजा बोट १२ लाखांची. तीन लाख स्वतःचे, नऊ लाख कर्ज, पाच वर्षांची मुदत, बारा टक्के व्याज. हप्ता महिना सुमारे २० हजार, वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. पक्ष्यांचा हंगाम पाच महिन्यांचा, त्यातले गर्दीचे शनिवार-रविवार साधारण ४४. म्हणजे डिझेल, पगार, विमा, डागडुजी यांच्या आधीच गर्दीच्या दर दिवशी साडेपाच हजार रुपये बँकेचे. पक्षी उशिरा आले, पाणी लवकर आटले, तरी हप्ता उशिरा येत नाही. मग एखाद्या रविवारी तीसच्या जागी चाळीस माणसे बसतात. बाजूची हवा ‘जरा’ वाढलेली असली तरी फेरी निघते. लाइफ जॅकेटे कमी पडतात, ‘काका, पोहता येतं ना?’ असे हसून विचारले जाते. बोटवाला दुष्ट नसतो. त्याच्या मानेवर हप्ता बसलेला असतो. अपघातानंतरच्या पंचनाम्यात वारा लिहिला जातो, जादा माणसे लिहिली जातात. हप्ता कुणी लिहीत नाही.

म्हणून बोट केवढी घ्यावी हे ठरवताना ‘किती माणसे बसतील’ हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न असा: निम्मी रिकामी बोट चालवूनही हप्ता भरता येईल का? आणि वारा सुटला म्हणून हंगामातले चार रविवार फेरी बंद ठेवली तर घर चालेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती बोट त्या माणसासाठी मोठी आहे, मग ती फुटांत कितीही असो.

सरकार आणि बँका यांचेही इथे काम आहे. १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यांत्रिक बोटीची नोंदणी, सर्वेक्षण, विमा आणि चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र हे सारे त्यात आहे. पण आपल्याकडे हे काम सागरी मंडळाचे, आणि दौंडच्या माणसाला सागर कुठे दिसतो? गाड्यांसाठी आरटीओचे कॅम्प तालुक्याला लागतात, तसे हंगामाआधी एकदा बोटींसाठी भिगवणला, चिंचणीला का लागू नयेत? बोटीच्या अंगावर भाराची रेघ रंगवा, शेजारी माणसांचा आकडा मराठीत लिहा, म्हणजे ती पाहुण्यालाही वाचता येईल. आणि बँकेने सर्वेक्षणाच्या दाखल्याशिवाय जुन्या बोटीला कर्ज देऊ नये. ट्रॅक्टरला तारण म्हणून आपण आरसी बुक मागतो. माणसे वाहणाऱ्या बोटीला निव्वळ कोटेशनवर पैसे देणे हे बँकिंग नव्हे.

त्या तरुणाला मी सांगितले ते असे. एका मोठ्या जुन्या बोटीऐवजी रुंद, उघड्या, उथळ तळाच्या दोन लहान बोटी घे. गर्दी नसली तर एकच चालव. एक दुरुस्तीला गेली तर दुसरी पोट भरेल. आणि एक अडचणीत आली तर मदतीला जायला दुसरी जवळ असेल. तो म्हणाला, ‘‘साहेब, पण मोठीचा रुबाब वेगळा.’’ रुबाब असतो, हे मी नाकारत नाही. पण तो पाहुण्यांच्या फोटोत जातो. बोटीचे कर्ज आणि तिच्यातली माणसे यांची जबाबदारी मात्र काठावर राहणाऱ्याकडेच उरते.