सल्ला फुकट, पण तोटा कुणाचा?

१९०३ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, टेरेल या छोट्या गावी, व्यापारी आणि बँकवाले एकत्र जमले. मेक्सिकोतून शिरलेला सोंडकिडा कापसाची बोंडे पोखरत उत्तरेकडे सरकत होता. शेतकऱ्याचे पीक बुडाले की आपली उधारीही बुडणार, हे दुकानदारांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सरकारी कृषी खात्याच्या वतीने आलेले सीमन नॅप तेव्हा सत्तरीला टेकले होते. सरकारने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या माणसांकरवी चालवलेली नमुना शेती लोक कौतुकाने पाहून येतात आणि घरी जाऊन आजोबांसारखीच पेरणी करतात, हे त्यांनी पुरेसे पाहिले होते. त्यामुळे त्यांनी वेगळी अट घातली. गावातल्याच शेतकऱ्याने, स्वतःच्या रानात, स्वतःच्या खर्चाने नव्या पद्धतीचे पीक घ्यायचे. वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याने सत्तर एकर दिले. मात्र त्याआधी गावकऱ्यांनी वर्गणीची हमी देऊन एक निधी उभा केला: सल्ला फसला तर पोर्टरचे नुकसान त्यातून भरून द्यायचे.

हंगाम संपला तेव्हा पोर्टरच्या हिशेबाने नेहमीपेक्षा ७०० डॉलर जास्त पडले होते. निधीला हातही लावावा लागला नाही.

कृषी विस्ताराच्या इतिहासात टेरेलची गोष्ट 'शेतावरच्या प्रात्यक्षिकाचा जन्म' म्हणून सांगितली जाते. आपल्याकडेही पीक प्रात्यक्षिक हा शब्द कृषी सहायकापासून आयुक्तालयापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या गोष्टीतला निधी मात्र सोयीस्करपणे गळून पडला आहे. प्रात्यक्षिक उरले, हमी गेली.

विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षे अमेरिकन खेड्यांवर सल्ल्याचा अक्षरशः पाऊस पडत होता. १८९६ पासून टपाल थेट शेतातल्या घरापर्यंत पोचू लागले, १९१३ पासून पार्सलही येऊ लागले, आणि त्या वाटेने सरकारी पुस्तिका, शेतीची साप्ताहिके, बियाण्यांच्या याद्या सगळेच दारात आले. कोंबड्यांना काय घालावे, विहीर गोठ्यापासून किती लांब असावी, साबण कसा करावा, बाळाला किती वाजता दूध पाजावे! पुढे 'लिटल हाउस' पुस्तकांमुळे जगभर पोचलेल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांनीही १९११ पासून 'मिसूरी रुरलिस्ट' या शेतकरी नियतकालिकात असेच लेखन केले. त्या स्वतः कोंबड्या पाळत, त्यामुळे त्यांच्या लिखाणाला कोंबडवाड्याचा खरा वास होता.

यातला बराच सल्ला अस्सल कामाचा होता. वसंतात अंडी मुबलक आणि हिवाळ्यात महाग, म्हणून एक भाग सोडियम सिलिकेट आणि नऊ-दहा भाग उकळून गार केलेले पाणी असे द्रावण दगडी बरणीत करायचे आणि त्यात न धुतलेली ताजी अंडी बुडवून ठेवायची. कवचाची छिद्रे बुजतात आणि अंडी महिनोन्‌महिने टिकतात. बर्फ मिळत नाही अशा घरांसाठी एक कपाटही सुचवले जाई. लाकडी चौकट, आत फळ्या, बाजूंना माश्या अडवणारी जाळी, त्यावर जाड सुती कापडाचा अंगरखा. वर पाण्याचे भांडे, आणि त्यात टोके बुडवलेल्या चिंध्यांमधून पाणी झिरपत खालच्या कापडावर उतरायचे. वाऱ्याच्या वाटेत ठेवले की लोणी घट्ट राहायचे. ज्यांच्या घरी माठ आहे त्यांना त्यामागचे शास्त्र सांगायला नको.

मराठी वाचकाला या काळातला एक माणूस घरच्यासारखा ठाऊक आहे. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर'ने १९८१ पासून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना इथल्या शाळा-शाळांत पोचवले. भुईमुगातून नाना वस्तू काढणारा शास्त्रज्ञ ही त्यांची प्रतिमा पक्की झाली आहे. पण शेतीच्या सल्लागारांनी त्यांच्याकडून शिकावे असे काही असेल तर ते प्रयोगशाळेबाहेरचे आहे. अलाबामात ते शिकवत त्या टस्कीगी संस्थेच्या आसपासचे काळे शेतकरी बहुतेक वाट्याने जमीन कसणारे होते, दुकानदाराच्या खात्यात कायम अडकलेले. त्यांना 'खत विकत आणा' म्हणणे ही थट्टाच झाली असती. कार्व्हर यांनी रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून जमिनीत घालायला सांगितले, चवळी आणि रताळी लावायला सांगितली, भिंती सारवायला आसपासच्या रंगीत मातीतून रंग करून दाखवले. १९१६ च्या त्यांच्या भुईमुगाच्या पुस्तिकेत लागवडीइतकेच, किंबहुना जास्तच, स्वयंपाकाचे प्रकार आहेत: १०५. पीक घरात खाल्ले गेले नाही तर ते पुढल्या वर्षी पेरले जाणार नाही, हे त्यांना कळत होते.

आणि जे वाचू शकत नव्हते त्यांच्यासाठी १९०६ मध्ये खेचरांनी ओढायची एक गाडी निघाली. न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप या धनिकाने पैसे दिले म्हणून ती जेसप वॅगन. नांगर, लोणी काढायचे यंत्र, बियाणे असे सामान लादून ती वस्तीवस्तीवर जाई. त्याच वर्षी थॉमस कॅम्पबेल यांची तिच्यावर सरकारी प्रात्यक्षिककार म्हणून नेमणूक झाली. पुढे खेचरांच्या जागी मोटार आली आणि कॅम्पबेल यांच्यासोबत परिचारिका आणि गृहव्यवस्था शिकवणारी बाईही फिरू लागली. शेत आणि घर हे एकच खाते आहे हे टस्कीगीने ओळखले होते. तरी या सगळ्याला एक टोकदार मर्यादा होती. कापूस किती लावायचा हे अनेकदा जमीनमालक ठरवत असे, आणि परसात भाजी लावायची मुभाही सगळ्यांना नसे. ज्याच्या हातात निर्णय नाही त्याला दिलेला सल्ला कितीही शहाणा असला तरी हवेतच राहतो.

हीच गोष्ट गोऱ्या घरांतल्या बायकांच्या बाबतीत घडत होती, फक्त तिथला मालक नवरा होता.

१८८६ साली नॉर्थ कॅरोलायनात शेतकरी संघटनेच्या एका कार्यकर्त्याने साधे गणित मांडले होते. घरातली बाई दिवसातून आठ-दहा वेळा पाणी आणते. वर्षाकाठी ती १४८ मैल चालते आणि ३६ टनांहून अधिक पाणी वाहते. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून मार्था व्हॅन रेन्सेलर यांनी शेतकरी स्त्रियांसाठी पुस्तिका सुरू केल्या, तेव्हा पहिलीचा विषयच होता घरकामातली पावले कशी वाचवावीत. पण पावले वाचवण्याचा खरा उपाय म्हणजे नळ, आणि नळाचे पैसे नवऱ्याच्या खिशात. १९०८ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रामीण जीवनाच्या अभ्यासासाठी आयोग नेमला. त्याने पाच लाखांवर प्रश्नपत्रिका वाटल्या, लाखाहून जास्त उत्तरे मिळवली. आयोगात सात सभासद, सातही पुरुष.

मग १९१३ मध्ये कृषी मंत्री डेव्हिड ह्यूस्टन यांच्या खात्याने एक साधीशी गोष्ट केली. खात्याला पिकांची माहिती कळवणाऱ्या सुमारे ५५,००० शेतकऱ्यांच्या बायकांना पत्र पाठवले: खाते तुमच्यासाठी काय करू शकेल? सव्वादोन हजारांच्या आसपास उत्तरे आली आणि १९१५ मध्ये ती चार अहवालांत छापली गेली. पाण्याचे हाल, संपता न संपणारे काम, महिनोन्‌महिने दुसरी बाई नजरेस न पडणे, अंड्यालोण्याचे पैसेही हातात न राहणे. एक तक्रार पुन्हापुन्हा येते: शेतासाठी दरवर्षी नवे यंत्र येते, स्वयंपाकघरात मात्र काहीच येत नाही. काही घरांतून उत्तर नवऱ्यानेच लिहून पाठवले, तेही बोलकेच आहे. ही पत्रे लिहायला लिहिता-वाचता येणारी, वेळ मिळणारी, टपालाचे तिकीट घेऊ शकणारी बाई लागत होती, त्यामुळे टस्कीगीच्या वाटेकरणीचा आवाज त्यात शोधू नये. तरीही एवढ्या मोठ्या प्रमाणावर सरकारी खात्याने सांगण्याआधी विचारले, हे दुर्मीळच.

पत्र गेले त्याच्या पुढल्याच वर्षी, मे १९१४ मध्ये, स्मिथ-लिव्हर कायदा झाला. शेतीबरोबर गृहव्यवस्थेलाही सरकारी विस्तारसेवेत जागा मिळाली. दक्षिणेकडच्या राज्यांत हा पैसा प्रामुख्याने गोऱ्यांच्या महाविद्यालयांमार्फत वाटला गेला आणि काळ्या शेतकऱ्यांच्या वाट्याला तुटपुंजा आला. आणि वीज? १९३५ सालीही अमेरिकेतल्या दहापैकी साधारण नऊ शेतघरांत ती नव्हती.

सल्ला चुकतो तेव्हा काय होते, हेही त्याच वीस वर्षांत दिसते. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एकन परगण्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येकीला एक दशांश एकर, म्हणजे बरोबर चार गुंठे. लागवड, निगा, डबाबंद करणे, विकणे सगळे मुलींनी करायचे आणि पैसा त्यांचाच. पहिल्याच वर्षी एका मुलीने ५१२ डबे भरले आणि ४० डॉलर नफा मिळवला. योजना उत्तम होती, आणि टोमॅटो आंबट असल्यामुळे सुरक्षितही. मग हेच तंत्र शेंगा, मका यांना लावले गेले. १९०९ ची एक सरकारी पुस्तिका भाज्यांच्या बरण्या सलग तीन दिवस रोज तासभर उकळायला सांगत होती. पण बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. आंबट नसलेल्या भाजीला दाबाखालची, ११६ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता लागते. दाबाच्या भांड्याचा आग्रह खात्याने धरला तो १९१७ च्या सुमारास. तोवरचा धोका कुणी पत्करला? बरणी उघडणाऱ्या घराने.

फळबागांवर शिशाचे आर्सेनेट फवारण्याची शिफारस तर त्याहून लांब पुरली. झाडे गेली, बागा गेल्या, पण जुन्या सफरचंदाच्या बागांच्या मातीत शिसे आणि आर्सेनिक आजही सापडते. बालसंगोपनाच्या १९१४ च्या सरकारी पुस्तिकेने आईबापांना बाळाशी खेळू नका असे बजावले होते. सुदैवाने तो सल्ला किती आयांनी मनावर घेतला असेल याची शंकाच आहे.

आता विदर्भात या. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. हातमोजे घाला, तोंड बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, हे सगळे डब्यावर छापलेले होते. छापणाऱ्याचे कर्तव्य तिथे संपले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, रोजंदारीवर फवारणाऱ्याचे तिथून सुरू झाले. बोंडअळी रोखायला फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी उभी ठेवून पुन्हा पीक, घेऊ नका, हा सल्लाही शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे. पण फरदडीची ती शेवटची वेचणी म्हणजे लग्नसराईच्या तोंडावरचे चार पैसे. ते सोडल्याने फायदा सगळ्या शिवाराला, झळ एकट्याला. टेरेलच्या दुकानदारांनी हा हिशेब आधी मांडला होता. आपण तो शेतकऱ्याच्या जबाबदारीच्या जाणिवेवर सोडून देतो.

तालुक्यात जिथे खात्याच्या, बियाणे कंपनीच्या किंवा कारखान्याच्या शिफारशीने नवे वाण, नवे औषध, नवी पद्धत लावली जाते, तिथे शिफारस करणाऱ्याने हमीनिधी ठेवायलाच हवा. पीकविमा हे त्याचे उत्तर नव्हे. विमा पाऊस हुकल्यावर असतो. सल्ला हुकल्यावर कुणी जबाबदार नसते. निधी ठेवायचा म्हटला की शिफारशी आपोआप कमी होतील, असे कुणी म्हणेल. होऊ द्यात. मोबाइलवर दिवसाला येणाऱ्या संदेशांतले निम्मे गेले तरी कुणाचे पीक अडणार नाही.

दुसरी मागणी ह्यूस्टन यांच्या पत्राची. आपल्याकडे बायकांना विचारल्याची मोठी आठवण सरकारी नाही, शेतकरी संघटनेची आहे. १९८६ मध्ये चांदवडला भरलेल्या महिला अधिवेशनात शेतकरी स्त्रिया हजारोंनी आल्या, आणि त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावायचा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे, त्यामुळे सत्कार आणि फलक होतीलच. त्याऐवजी कृषी खात्याने एक पत्र पाठवावे. खुरपणीला, कांदा कापणीला, कापूस वेचणीला दिवसाचे किती तास जातात, त्यातले कोणते काम पाठीला सर्वांत जड जाते, घरात शेवटचे यंत्र कोणते आणि कुणासाठी आले, फवारणीचे कपडे कोण धुते. उत्तरे लिहून घ्यायला बाईच असावी, आणि नवरा शेजारी बसलेला नसावा.

पत्ते मात्र सातबाऱ्यावरून काढू नयेत. शेतकरी ओळख क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे, आणि त्या नोंदीत रानात राबणाऱ्या बहुतेक बायका नाहीतच. बचत गटांच्या आणि आशाताईंच्या वह्यांत त्यांची नावे सापडतील, शेतमजुरी करणाऱ्या बायकांचीही. सुरुवात त्या वह्यांपासून करावी.