फाल्गुनातले पाणी

दिवाळी अंकात मासे! हे वाचून काही घरांत पान झटकन उलटले जाईल, याची मला कल्पना आहे. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक असताना मधेच एखादी मरळ वळवळत यावी, हे काही शुभचिन्ह नव्हे. पण वाचकहो, जरा थांबा. मी तुम्हाला मासा खायला सांगत नाही. मासा शोधायला सांगणार आहे, आणि शोधण्याला सोवळे-ओवळे नसते. आता हे दिवाळीतच का, असे विचाराल, तर या शोधाचा हंगाम संक्रांतीनंतर सुरू होतो आणि संक्रांतीला संपादक मला एवढी जागा देत नाहीत!

आमचे पिपरी मेघे वर्ध्याला इतके चिकटलेले आहे की, शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले, हे फक्त ग्रामपंचायतीलाच ठाऊक. जिल्ह्याच्या नावात नदी आहे, पण ती आमच्या दाराशी नाही. वर्धा नदी पाहायची तर पुलगाव गाठावे लागते. आम्हाला जवळची ती धाम. पवनारच्या काळ्या खडकांमधून वाट काढत ती पुढे वणेला मिळते. पवनारला विनोबांचा आश्रम आहे आणि 1948 च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या अस्थी तिथल्याच पाण्यात सोडल्या गेल्या. त्या घाटावर गळ टाकायला हात धजत नाही. दारूबंदीच्या आणि अहिंसेच्या या जिल्ह्यात गळ घेऊन हिंडणाऱ्या माणसाने थोडे भान ठेवलेलेच बरे. आम्ही चहाचा थर्मास घेतो आणि घाटापासून चांगले दूर जाऊन बसतो.

लोकांचा समज असा की, मासे धरणे म्हणजे गळ टाकून झोपा काढणे. खरे सांगायचे तर धरणे हा या विद्येतला दोन आण्यांचा भाग. उरलेले चौदा आणे शोधण्यात जातात. ही विद्या मला शिकवली ती आमच्या ओळखीच्या एका भोईबाबांनी. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला पंचा आणि नजर अशी की, माझ्या शाळेतल्या एकाही इन्स्पेक्टरला तशी नव्हती. पहिल्या दिवशी मी गळाच्या दोरीकडे टक लावून बसलो होतो. ते म्हणाले, "मास्तर, गरीकडं काय पाहून राहिले जी? मासा पाण्यात रायते, गरीत नाही. पाण्याकडं पाहा."

तेव्हापासून मी पाण्याकडे पाहतो. काय दिसते, ते महिन्यांच्या क्रमाने सांगतो.

पावसाळा सरताना पाणी भरपूर, गढूळ आणि पसरलेले असते. मासाही तसाच पसरलेला. दिवाळीत त्याला शोधणे म्हणजे जत्रेत हरवलेला पोरगा शोधणे. पौष सरून माघ लागला की चित्र पालटते. नदी बारीक होते, पाणी निवळते, तळ दिसू लागतो. माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार की मासा गार. थंडीत त्याची भूकही मंदावते. तो डोहात, खोल जागी, खडकाच्या आडोशाला पडून राहतो. माघात पहाटे पाच वाजता स्वेटर-मफलर घालून नदीवर जाणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. त्यांना सर्दी हमखास मिळते. मासा मात्र जेवणाची वेळ टळल्यावर, उन्हे चांगली तापली की, डोहातून वर उथळ काठाकडे येतो. तेव्हा माघातला कोळी उशिरा निघालेला बरा. आमच्या घरी ही गोष्ट पटवून द्यायला मला फार वर्षे लागली, कारण सकाळी बाजारहाटाची पिशवी हातात येते ती याच वेळी.

फाल्गुन आला, पळस पेटला की, हा दिनक्रम उलटा होतो. पाणी कोमट होते, माशाची भूक जागी होते. आता सकाळ-संध्याकाळ काठ गजबजतो आणि दुपारी मासा सावलीला जातो. या दिवसांत चार जागा पाहाव्यात. डोहाच्या तोंडाशी, जिथे वाहते पाणी आत शिरते आणि खाद्य आणते. काठावरच्या गवताच्या कडेला. बुडालेल्या झाडाच्या खोडाशी. आणि पाण्यावर ओणवलेल्या उंबराखाली, जिथे पिकली फळे टपटपतात. रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. मृगळाच्या चरण्याने बारीक बुडबुड्यांची रेघ वर येते. कटला वरच्या थरात तोंड उघडून फिरतो. शिंगाडा आणि वाम मात्र अंधार पडल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. ते रात्रपाळीचे कामगार.

पण आमच्याकडची खरी राणी मरळ. 2023 साली महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा केले; ते मुंबईकरांना लखलाभ होवो. शेजारच्या तेलंगणाने तो मान मरळीला दिला आहे, एवढे सांगून आम्ही वऱ्हाडकडची माणसे समाधान मानतो. काटे कमी, मांस घट्ट, आणि जीव एवढा चिवट की, बाजारात ती घमेल्यात जिवंतच विकायला असते. या चिवटपणाचे कारण तिच्या श्वासात आहे. मरळीला नुसते कल्ले पुरत नाहीत; अधूनमधून पाण्यावर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. म्हणून आटत्या तळ्यात, चिखलातसुद्धा ती तग धरते. आणि म्हणूनच ती सापडते! निवांत पाण्यावर, गवताच्या कडेला, टपकन एक गोल तरंग उठतो. उडी नाही, फडफड नाही; नुसते एक वर्तुळ. ते जिथे उठले, ती जागा डोळ्यांनी धरून ठेवायची. थोड्या वेळाने तिथेच जवळपास दुसरे उठले, तर समजावे की राणीसरकार महालात आहेत.

साधनांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. बांबूची काठी, दोरी, गळ, तरंगायला मोरपिसाचा देठ. रोहूला कणकेची गोळी, शिंगाड्याला गांडूळ. मरळीसाठी पूर्वी जिवंत बेडूक लावत. मला ते बघवत नाही. हल्ली रबरी बेडूक मिळतो. तो मी गवतावरून हळूहळू ओढतो. आमच्या नातीने तो एकदा सौ.च्या डब्यात ठेवला होता, तेव्हा त्याचा गुण मरळीखेरीज इतरांवरही चालतो, हे सिद्ध झाले.

माझा एक भाचा टेक्सासात असतो. त्याला हाच नाद. फेब्रुवारी-मार्च आला की, त्याचे फोटो येऊ लागतात. एकदा त्याने चांदीसारखा पांढरा मासा पाठवला. अंगावर काळ्या आडव्या रेघा, पण मधेच तुटलेल्या. जणू पट्टीने रेघा ओढताना कुणी पोराचे कोपर ढकलले. "मामा, ओळखा पाहू!" मी कसला ओळखणार! मग त्याने फोनवर सगळी वंशावळ सांगितली. आई पट्टेरी बास, जी समुद्रातून नदीत चढते. बाप पांढरा बास, जो गोड्या पाण्यातच राहतो. 1960 च्या दशकात दक्षिण कॅरोलिनात माणसाने हे लग्न जमवले. पोर आईबापांपेक्षा लवकर वाढणारे आणि गळाला लागल्यावर चांगलेच झुंजणारे निघाले. हिवाळ्याच्या शेवटी ते जलाशयात खोल, बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या कडेला असते. पाणी तापू लागले की, नदीच्या मुखाकडे, नाहीतर धरणाच्या भिंतीखालच्या वाहत्या पाण्यात गर्दी करते. उघड्या जलाशयावर पाणपाखरे सूर मारताना दिसली की, खाली बारीक मासळी, आणि बारीक मासळीखाली हे महाशय. पाणी वाचण्याची विद्या तिथेही तीच!

"पण मामा," भाचा म्हणाला, "गंमत अशी की, वसंतात हे वरच्या अंगाला चढतात खरे, पण त्यातून पुढची पिढी बहुधा उभी राहत नाही. दरवर्षी सरकारी केंद्रातून पिल्ले आणून सोडावी लागतात."

म्हणजे वऱ्हाड निघते, पण लग्न काही लागत नाही! मी त्याला म्हटले, "अरे, आपल्या तलावातल्या रोहू-कटल्याची कथा याहून काय निराळी आहे?" हे मासे विणतात ते पावसाळ्यात, पूर चढलेल्या वाहत्या पाण्यात. बांधलेल्या तलावाच्या उभ्या पाण्यात त्यांचा मुहूर्त सहसा लागत नाही. पूर्वी त्यांची पिल्ले नदीतून गोळा करून आणावी लागत आणि त्यांत नको त्या माशांची भेसळ असे. 10 जुलै 1957 रोजी ओरिसातल्या अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात विणायला लावले. आज 10 जुलै हा आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन मानतात तो यामुळेच. तेव्हापासून मत्स्यजिरे केंद्रात तयार होऊ लागले. जिऱ्याएवढे म्हणून जिरे, बोटाएवढे झाले की बोटुकली. मराठीने नावे मोठी नेमकी ठेवली आहेत. रोहू-कटल्याचा संकरही या केंद्रांतून होतो; कधी मुद्दाम, कधी एकाच टाकीत दोघांना विणायला ठेवल्याने नकळत. नकळत झालेला संकर पुढच्या बीजाची जात बिघडवतो, म्हणून जाणकार त्याला जपून असतात.

हे सगळे पुराण सांगण्याचे कारण असे की, तलावातला मासा आकाशातून पडलेला नसतो. मच्छीमारांची सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेते, पैसे मोजून बोटुकली आणून सोडते, वर्षभर राखण करते. भोईबाबांच्या संस्थेचेही तसेच. तेव्हा हौशी माणसाने संस्थेला विचारल्याशिवाय तलावात गळ टाकू नये. विचारले की बहुधा कुणी नाही म्हणत नाही. न विचारता बसले तर ती सरळ चोरी होते, मग हातातली काठी बांबूची असो की विलायती. बोरच्या जंगलाकडे तर गळ नेण्याचे नावच काढू नये. 2014 पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे आणि तिथे शोधायची वेळ आपल्यावर नव्हे, वाघावर येईल.

आता चैत्राची गोष्ट. ती सांगण्यासाठीच हा लेख.

मरळीचा विणीचा मुख्य काळ पावसाळ्याच्या आगेमागेचा. पण जिथे पाणी टिकून असते, तिथे चैत्र-वैशाखातही तिची पिल्ले दिसतात. गवतात थोडी जागा मोकळी करून ती अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आईबाप खाली पहारा देतात. पिल्ले बाहेर पडली की, शेंदरी रंगाचा एक झुबका पाण्यात हिंडू लागतो. झुबका श्वासाला वर आला की, भुरभुर पाऊस पडल्यासारखे पाणी थरथरते. आभाळ निरभ्र आणि पाण्यावर तेवढ्याच जागी पाऊस! ज्याने हे पाहिले नाही, त्याने नदी पाहिली नाही, असे मी म्हणेन.

वर्षभरात मरळ शोधायला याहून सोपी वेळ नाही. झुबका दिसला की त्याच्या खाली आईबाप असणारच. आणि त्या वेळी ती भुकेने नव्हे, रागाने गळावर येतात. जवळ जे येईल त्यावर धाव घेतात. रबरी बेडूक तर सोडाच, चपलेचा तुकडा टाकला तरी चालेल. मी अशा एका झुबक्यासमोर काठी घेऊन उभा होतो. भोईबाबा शेजारी होते. त्यांनी आपली दोरी गुंडाळून ठेवली.

मी विचारले, "बाबा, काहून जी? समोर आहे ना."

"समोर हाय म्हूनच," ते म्हणाले. "माय गेली का लेकरं दोन दिसात साफ. दुसरे मासे खाऊन टाकतेत. आमचं पोट याच्यावर हाय न जी, म्हून सोडतो. तुमचं पोट तर भरलेलं हाय, तुमाले काय घाई?"

अहिंसेवर मी या जिल्ह्यात पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. सेवाग्राम काही लांब नाही. पण ज्याचे घर माशावर चालते, त्याने हातचा मासा सोडावा आणि पेन्शनीत असलेल्या मास्तराला कारण सांगावे, हे व्याख्यान सर्वांत आखूड होते आणि माझ्यापुरते पुरेसे होते. मी काठी खाली ठेवली.

उलट प्रकारही दरवर्षी घडतो, तो सांगितला पाहिजे. वैशाखात नदी तुटून डोह-डोह होतात. सगळा मासा त्या चार घमेल्यांत कोंडलेला. मग कुणी ब्लीचिंग पावडर ओततो, कुणी विजेच्या तारेवर आकडा टाकून प्रवाह सोडतो, कुणी सुरुंगाची दारू उडवतो. सुरुंग आणि विष यांना 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. विजेचा प्रवाह सोडणारा तर आपलाही जीव टांगणीला लावतो. एका दुपारीत मोठे, छोटे, जिरे, बोटुकली, झिंगे, बेडूक, सगळे उताणे. त्यातला निम्मा माल उचलण्याच्याही लायकीचा नसतो. पाऊस आल्यावर ज्या माशांनी पुराबरोबर नदी पुन्हा भरायची, तेच त्या डोहात मेलेले असतात. पुढच्या माघात मग नदी निवळते, तळ दिसतो, आणि तळाशी काही नसते.

तेव्हा वाचकहो, येत्या फाल्गुनात एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन जवळच्या नदीवर जा. गळ नसला तरी चालेल. मुलांना काठावर गप्प बसवता आले तर ते तुमचे कौशल्य. पाण्यावर उठणारी वर्तुळे मोजायला सांगा, बुडबुड्यांची रेघ दाखवा. चैत्रात तो शेंदरी झुबका दिसला, तर बोटाने दाखवा आणि हात मागे घ्या. कुणी डोहात पावडर ओतताना दिसला, तर गावच्या पोलीस पाटलाला सांगायला लाजू नका. आणि गळ टाकायचाच असेल, तर संस्थेला विचारून, माघ-फाल्गुनात टाका. घरी न्यायला एक मासा पुष्कळ होतो.

आमच्या घरी तर एकही पुष्कळ होतो. सौ. माळकरी आहे.