स्वस्त वाद्याची कैफियत

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या निवडचाचणीत मी माझी बेस गिटार घेऊन उभा राहिलो आणि दोन मिनिटांत खाली उतरलो. परीक्षकांपैकी एक सर म्हणाले, "बाळ, हात बरा आहे तुझा, पण वाद्य बदल. हे काही वाद्य नव्हे." सरांचे बोलणे मायेचे होते, आणि त्या दिवशी निघालेला आवाज ऐकता खोटेही नव्हते. तरीही त्या वाक्याशी मी वर्षभर मनात भांडत आलो. त्या भांडणाची हकिकत वाचकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझी गिटार चार तारांची, जुनी आणि साडेचार हजारांत मिळालेली. तिला पडदे नाहीत. सतारीला असतात तसे धातूचे पडदे गिटारीलाही असतात. बोट कुठेही थोडे मागेपुढे पडले तरी पडदा सूर सांभाळून घेतो. माझ्या आधीच्या मालकाने ते उपटून काढले होते आणि फटींत लांबी भरली होती. हा वेडेपणा त्याचा एकट्याचा नव्हे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेची बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा तिचे नावच 'प्रिसिजन' म्हणजे 'अचूक' असे ठेवले, कारण पडद्यांमुळे सूर अचूक लागे. पुढे जॅको पास्टोरियस या वादकाने याच फेंडर कंपनीची १९६२ सालची एक गिटार वापरली. तिचे पडदे काढलेले, फटी लाकडाच्या लांबीने भरलेल्या आणि वर होड्यांना देतात त्या इपॉक्सीचा थर दिलेला. १९७६ साली त्याची पहिली तबकडी निघाली आणि बेस गिटार गाऊ शकते हे जगाला कळले. जॅको १९८७ साली वारला. पण आजही बिनपडद्याची गिटार हातात घेणारा प्रत्येक मुलगा त्याच आवाजाच्या मागे असतो. मीही होतो. फरक इतकाच की माझी गिटार गाण्याऐवजी खोकत होती.

दुकानदारांना विचारावे तर प्रत्येकाचे उत्तर एकच : नवी घ्या. फार तर आवाज उचलणारे चुंबक, म्हणजे पिकअप, बदला. पिकअपची किंमत ऐकली आणि गप्प घरी आलो.

माझे वडील सुतार आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. मी महाविद्यालयात जाऊ लागल्यापासून अण्णा माझ्या पुस्तकांना हात लावण्याआधी हात पुसतात. त्यांना गिटारीतले काय कळणार, असे मला वाटे, हे येथे कबूल केले पाहिजे. एके रविवारी त्यांनी ती आपणहून उचलली, फळी पाहतात तशी डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आरं, दांडी वळलीया. तारंचा काय दोष?"

तीन रविवार ते काम चालले. चार तारांची मिळून दांडीवर सुमारे ७० किलो वजनाची ओढ असते. ती सोसण्यासाठी दांडीच्या पोटात लोखंडी सळई बसवलेली असते आणि ती एका टोकाने फिरवता येते. मी ती भराभर फिरवू लागलो तेव्हा अण्णांनी हात धरला. "पाव फेरा दे, आन् उद्या बघ. लाकडाला वेळ लागतो." दांडी सरळ झाली. मग पट्टीवरच्या लांबीचे उंचवटे घासायचे. पट्टी वरून किंचित गोल असते, म्हणून अण्णांनी आधी तिच्या गोलाईला जुळणारा खोलगट ठोकळा तयार केला, त्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि तारांच्या दिशेनेच लांब हात चालवला.

खरी गोम मात्र वेगळीच होती. पडदे काढले तेव्हा त्यांची सुमारे १ मिलिमीटर उंची गेली. तारा मात्र होत्या तिथेच राहिल्या. त्यामुळे त्या पट्टीपासून उंच लोंबकळत होत्या. तार दाबावी तर ती ओढली जाऊन सूर चढे. वरच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचा बारीक कानशीने खोल केल्या आणि घोडीवरचे स्क्रू फिरवून तारा खाली आणल्या. शेवटी गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी घोडीखालची सुटलेली अर्थची तार डाग देऊन जोडली आणि सतत येणारी घरघर बरीच कमी झाली.

पैसे लागले ते नव्या तारांना. नेहमीच्या तारांवरचे वेटोळे गोल असते. ते कानशीसारखे उघडे लाकूड खाते. चपट्या वेटोळ्याच्या तारा गुळगुळीत असतात. त्यांचा झणत्कार थोडा कमी, पण लाकूड वाचते. इपॉक्सीचा थर देणे आम्हाला परवडणारे नव्हते, म्हणून या तारा घेतल्या. त्यांना गिटारीच्या जवळजवळ निम्मी किंमत पडली.

यानंतर मी पहिला सूर वाजवला तेव्हा तो आधी दबका निघाला आणि मग फुलत गेला. हा फुलणारा सूर कोठून येतो? त्याचे उत्तर मला आमच्या जिल्ह्यातच सापडले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो. तेथल्या कारागिराचे सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि अगदी किंचित उताराची असते; कंप पावणारी तार तिला चाटून जाते आणि खाली सरकवलेल्या सुताने तो स्पर्श नेमका जुळवला जातो. त्या चाटण्यातूनच तंबोरा बोलतो. बिनपडद्याच्या गिटारीतही तार बोटापुढच्या लाकडाला अशीच ओझरती चाटते. तार फार उंच असली तर स्पर्शच होत नाही. फार खाली असली तर नुसती खरखर. म्हणजे जॅकोच्या सुराचे आणि मिरजेच्या तंबोऱ्याचे गुपित एकाच जातीचे, आणि दोन्ही ठिकाणी ते लाकडाच्या कामात आहे, किमतीच्या चिठ्ठीत नाही.

मी गरिबीचे गोडवे गात नाही. चांगले वाद्य चांगलेच असते. माझ्या गिटारीचे अंग प्लायचे आहे. वरच्या सुरांना दम नाही. खुंट्या सैल पडतात. हे दोष अण्णांनाही काढता आले नाहीत. शिवाय अर्धा दोष माझ्या हाताचा होता. पडदा असतो तेव्हा बोट त्याच्या मागे ठेवायचे. पडदा नसतो तेव्हा बोट नेमके त्याच्या जागेवरच पडावे लागते. त्यासाठी तंबोऱ्याच्या षड्जाबरोबर रोज तासभर घासण्यावाचून गत्यंतर नाही. पण मला सांगायचे आहे ते हे, की स्वस्त वाद्यात लाकूड आणि तार यांच्याहून जास्त बचत माणसाच्या वेळेची केलेली असते. कारखान्याने जे जुळवायचे सोडून दिले, ते जुळवल्याशिवाय त्या वाद्याला नापास करणे हा न्याय नव्हे. आणि निवडचाचणीत ज्या कर्ण्यातून माझी गिटार ऐकवली गेली, तो भाषणांसाठी घेतलेला होता. माझी जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. तेवढा खर्ज त्या कर्ण्यातून निघणे शक्यच नव्हते.

आता आपल्या संगीत विभागाच्या कपाटाकडे वळतो. त्यात दोन पेट्या आहेत, भाता फुटलेल्या. एक तंबोरा आहे. त्याची जवारी बसलेली. एक गिटार आहे, तारा गंजलेली. दरवर्षी नव्या वाद्यांची मागणी होते, दरवर्षी ती नामंजूर होते आणि दरवर्षी संमेलनाला वाद्ये भाड्याने येतात. त्या भाड्यातला काही भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि मिरजेच्या एखाद्या कारागिराला दोन दिवस सन्मानाने येथे बोलवावे. त्याने मुलामुलींच्या देखत काम करावे, आम्ही हाताखाली बसावे.

हे कलाशाखेचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. मग कलाशाखेचे काम कोणते? ज्याला सूर ऐकू येतो त्याला लाकूड कळू नये, आणि ज्याला लाकूड कळते त्याने सभागृहात खुर्च्याच लावाव्यात, अशी वाटणी कोणी केली? अण्णा या महाविद्यालयात एकदाच आले आहेत, माझ्या प्रवेशाच्या दिवशी. आणि ते फाटकाबाहेरच उभे राहिले होते.

यंदा मी पुन्हा चाचणीला गेलो. तेच सर होते. ऐकून म्हणाले, "नवी घेतलीस वाटतं? कितीला पडली?" मी म्हणालो, "तीच आहे, सर. साडेचार हजार, शिवाय तारा, शिवाय वडिलांचे तीन रविवार." सर गिटार हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले.

माझी निवड झाली. पण मागणे निवडीचे नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, एवढे मला कळले तरी पुढच्या रविवारपासून सुरुवात करता येईल. अण्णांना मी विचारले आहे. ते यायला तयार आहेत.