दाराच्या कोणत्या बाजूने?

मराठी कथात्म साहित्याला प्रलयाची कल्पनाशक्ती नाही, ही तक्रार समीक्षेत रूढ होऊ पाहत आहे. जग कोसळले, मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागली, तर उरलेल्यांनी तगावे कसे, या प्रश्नाभोवती पाश्चात्त्य साहित्य-चित्रपटांत एक समृद्ध प्रकार उभा राहिला. मराठी लेखक मात्र वाडा, शेत आणि चाळ यांतच घुटमळत राहिला, असे या तक्रारीचे सार आहे. तक्रार करणाऱ्यांनी एक साधी गोष्ट तपासलेली नाही. त्या प्रकारातील निवेदक दाराच्या कोणत्या बाजूला उभा असतो?

झॉम्बीकथेचे व्याकरण ठरलेले आहे. एक बंद घर, आत मूठभर शहाणी माणसे, मोजका शिधा, एखादे शस्त्र. बाहेर अगणित, निर्नाम, भुकेले देह. बाहेरच्यांना भाषा नाही, इतिहास नाही, नातेगोते नाही. त्यांचा स्पर्श बाधतो, म्हणून त्यांना मारणे हा गुन्हा ठरत नाही. तगणे म्हणजे दार लावून घेणे. हा रूपबंध निरागस नाही. झॉम्बी ही कल्पना मूळची हैतीची. फ्रेंच वसाहतीतील उसाच्या मळ्यांवर गुलामांनी जे भोगले त्याची स्मृती तिच्यात आहे: मेल्यावरही सुटका नाही, इच्छा हिरावलेला देह दुसऱ्यासाठी राबतच राहील. तिथे भय झॉम्बीचे नव्हते, झॉम्बी होण्याचे होते. हा प्रकार अमेरिकेत पोचला आणि राबणारा देह खाणारा देह झाला. पीडितांचे भय मालकांच्या भयात रूपांतरित झाले. प्रकाराच्या समृद्धीचे गोडवे गाणारी समीक्षा या उलटापालटीविषयी अवाक्षर काढत नाही.

परभणी जिल्ह्यातून पाहिले की ही उलटापालट स्पष्ट दिसते. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून नोंदली जाते. उचल कोयत्याला मिळते आणि फेडायचीही कोयत्यानेच. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते, आणि तेही दोन माणसांत एक. हैतीच्या मळ्यातील कल्पनेला याहून जवळचा मराठी शब्द शोधण्याची गरज नाही. (मराठीत 'झोंबी' हा शब्द आधीपासूनच आहे आणि त्याचा अर्थ झगडा असा होतो, आनंद यादवांनी १९८७ मध्ये तो आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला दिला, तेव्हा त्यात दारिद्र्याशी झटणारा मुलगा होता, उठलेले प्रेत नव्हते.)

मराठी भुतांची रीतही पाहण्याजोगी आहे. मुंजा, हडळ, खवीस यांपैकी प्रत्येकाला पूर्वचरित्र आहे, काहीतरी अपुरे राहिलेले आहे. म्हणून झपाटलेल्या माणसासमोर बसून पहिला प्रश्न विचारला जातो: कोण आहेस, काय पाहिजे? नारायण धारपांच्या समर्थकथांतही निवारणाआधी शोध येतो. या परंपरेत तगण्याचा मार्ग विचारपुशीतून जातो. झॉम्बीकथेत विचारपूस करणारे पात्र पहिल्या अर्ध्या तासात मरते.

परंतु एवढ्यावरून देशीयतेचा जयघोष करू पाहणाऱ्यांनी थांबावे. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे, शेजारच्या गावाच्या हद्दीत लोटून देण्याची प्रथा याच मुलखातली आहे. तगण्याची तीही एक पद्धत. आणि ज्याचा स्पर्श बाधतो असा देह गावकुसाबाहेर ठेवण्याचे शास्त्र तर येथे शतकानुशतके चालले. दार, कुंपण, बाधा, बाहेरचा जमाव ही झॉम्बीकथेची सगळी सामग्री गावाने प्रत्यक्षात वापरली. फरक पडला तो बाहेरच्याने लेखणी घेतली तेव्हा. बाबुराव बागुलांचा 'मरण स्वस्त होत आहे' हा संग्रह १९६९ चा. त्याच्या आदल्या वर्षी, १९६८ मध्ये, जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' प्रदर्शित झाला. एका ठिकाणी कॅमेरा घराच्या आत, दुसऱ्या ठिकाणी निवेदन वस्तीच्या आत. प्रलयाची कल्पनाशक्ती मराठीत नाही म्हणणाऱ्याने दलित साहित्य कोणत्या कप्प्यात टाकले, हे सांगितले पाहिजे.

तगावे कसे, या प्रश्नाला इतिहासाने दिलेले उत्तरही या प्रकाराला पेलणारे नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा खडी फोडायला रस्त्यावर उतरला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. सुकडी आणि मिलो खाऊन ती जगली. बंद घरातून पाहणाऱ्याला हा जमावच दिसला असता. पण या जमावाची हजेरीपटावर नावे होती, आणि त्याच्या मागण्यांतून, संघर्षांतून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. शस्त्र आणि साठा यांपेक्षा हजेरीपट हे तगण्याचे अधिक खात्रीचे साधन ठरले, ही गोष्ट कोणत्याही झॉम्बीकथेच्या कल्पनाशक्तीबाहेरची आहे.

दार लावून घेण्याची रीत मात्र गेलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून चालत आलेल्यांना आपल्याच गावांच्या वेशी काट्यांनी आणि बैलगाड्यांनी बंद केलेल्या दिसल्या. त्याच वर्षी ८ मे रोजी पहाटे परभणी-मनमाड रेल्वेमार्गावर, करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याहून पायी निघालेली ही माणसे भुसावळला गाडी मिळेल या आशेवर होती. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या पसरल्या होत्या. प्रलयसाहित्याच्या कोणत्या प्रकरणात या १६ जणांना बसवायचे? ती आतली नव्हती, आणि खाणारी तर नव्हतीच.

आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली' (२०२२) या चित्रपटाने टोलेजंग इमारत आणि पाण्यावाचूनची वस्ती शेजारी ठेवून या प्रश्नाला हात घातला, हे मान्य केले पाहिजे. विनोदाच्या अंगाने का होईना, दाराच्या दोन्ही बाजू तेथे दिसतात. एरवी या प्रकाराचे कौतुक करणाऱ्यांनी निदान त्याचा आद्य चित्रपट तरी शेवटपर्यंत पाहावा. रात्रभर घर लढवून एकटा उरलेला माणूस कृष्णवर्णीय आहे. सकाळी सुटका करायला आलेली सशस्त्र तुकडी त्याला खिडकीत पाहते, कोण आहेस असे विचारत नाही, आणि गोळी घालते.