वर्डप्रेस फुकट आहे, पण सातबारा कोणाच्या नावावर?

आपल्या भागातली बातम्यांची जी पोर्टल्स तुम्ही रोज मोबाईलवर उघडता, त्यातली बरीचशी वर्डप्रेसवर चालतात. माझंही त्यावरच आहे. शाळा, पतसंस्था, दवाखाने, मंगल कार्यालयं, अनेकांच्या वेबसाइट त्याच्यावरच. जगातल्या दर १०० वेबसाइटपैकी ४० हून जास्त या एका सॉफ्टवेअरवर आहेत. पैसे लागत नाहीत. कोड खुला आहे. कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे वाटावा. मराठीतही वापरता येतं, कारण आपल्याच काही लोकांनी एक रुपया न घेता भाषांतर करून ठेवलंय.

म्हणून आपला समज असा की हे सगळ्यांचं आहे. त्यात 'वर्डप्रेस फाउंडेशन' नावाची ना-नफा संस्था आहे म्हटल्यावर तर शंकाच नको! पण धर्मादाय कार्यालयातल्या भानगडींच्या बातम्या इतकी वर्षं केल्यावर मला एक खोड लागली आहे. संस्थेचं नाव आणि उद्देश मी शेवटी वाचतो. आधी बघतो, विश्वस्त कोण, त्यांना निवडतं कोण आणि जागा कोणाच्या नावावर. तेच इथे लावून बघू.

वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी सुरू केलं. तेही शून्यातून नाही, 'बी-टू' नावाच्या आधीच्या खुल्या सॉफ्टवेअरवरून. २००५ मध्ये मॅटने 'ऑटोमॅटिक' ही कंपनी काढली. ती नफ्यासाठीच आहे आणि त्यात गैर काहीच नाही. २०१० मध्ये वर्डप्रेस हे नाव, म्हणजे ट्रेडमार्क, कंपनीने फाउंडेशनला देऊन टाकलं. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या नावाच्या व्यापारी वापराचा एकमेव हक्क परत ऑटोमॅटिकलाच दिला गेला. म्हणजे जमीन देवस्थानाला दान करायची आणि कसायला परत आपल्याच घरी घ्यायची. हा कागद आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

२०२४ मध्ये भांडण उघड्यावर आलं तेव्हा फाउंडेशनवर संचालक होते तीन. त्यातले एक मॅट स्वतः. सभासदांनी मतदान करून संचालक निवडायचे, हा प्रकारच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्डप्रेस डॉट ऑर्ग ही मुख्य साइट. आपल्या पोर्टलला अपडेट येतात, प्लगइन येतात, ते तिथूनच. ती साइट फाउंडेशनची नाही, कंपनीचीही नाही. ती मॅटची वैयक्तिक आहे. हे त्यांनी स्वतःच सांगितलं. वर्षानुवर्षं तिथे फुकट काम करणाऱ्या कित्येकांना हे तेव्हाच कळलं.

झालं काय, तर 'डब्ल्यूपी इंजिन' नावाची अमेरिकेतलीच एक होस्टिंग कंपनी आहे. वर्डप्रेसच्या जिवावर ती बक्कळ कमावते. मॅटचं म्हणणं, हे लोक कमावतात भरपूर पण परत काही देत नाहीत, तेव्हा उत्पन्नाच्या ८ टक्के द्या, पैशात नाहीतर कामात. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्टलंडच्या संमेलनात त्यांनी व्यासपीठावरून त्या कंपनीवर तोंडसुख घेतलं. २५ सप्टेंबरला तिला वर्डप्रेस डॉट ऑर्गची दारं बंद केली. त्या कंपनीच्या हजारो ग्राहकांचा यात काय दोष? त्यांचे अपडेट अडकले. मध्ये काही दिवस सवलत दिली, ती १ ऑक्टोबरला संपली. दुसऱ्याच दिवशी कंपनी कोर्टात गेली. १२ ऑक्टोबरला त्या कंपनीचं २० लाखांहून जास्त वेबसाइटवर असलेलं एक प्लगइन डॉट ऑर्गवर नाव बदलून ताब्यात घेतलं गेलं. वर लॉगिनच्या पानावर एक चौकोन आला: डब्ल्यूपी इंजिनशी माझा काहीही संबंध नाही, असं लिहून द्या, मगच आत या!

१० डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दारं उघडा, प्लगइन परत करा, तो चौकोन काढा.

आता मॅटची बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. पंगतीला बसायचं, आडवा हात मारायचा आणि ताट उचलायच्या वेळी गायब व्हायचं, अशा कंपन्या या धंद्यात आहेतच. हा माणूस वीस वर्षं हे सॉफ्टवेअर सांभाळतोय. त्याचा राग मी समजू शकतो. पण तक्रारदार तोच, निकाल देणारा तोच आणि फाटकावरचा वॉचमनही तोच, हे चालत नाही. तक्रार खरी होती तर ती ऐकायला एखादं मंडळ हवं होतं, ज्यात 'मॅट, तू चुकतोयस' म्हणायची ताकद असलेली चार माणसं असती. फाउंडेशन होतं, पण हे करायचे अधिकारच त्याच्याकडे नव्हते.

हे सगळीकडे असंच असतं, असं कोणी म्हणू नये. पायथॉन ही संगणकाची भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी घडवली. त्यांना गंमतीने 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणत. जुलै २०१८ मध्ये एका बदलावरून झालेल्या वादाला कंटाळून ते बाजूला झाले. मागे राहिलेल्यांनी नवा हुकूमशहा शोधला नाही. नियम लिहिले, मतदान घेतलं आणि ५ जणांचं मंडळ नेमलं. दर मोठ्या आवृत्तीनंतर त्याची निवडणूक होते. एका कंपनीची दोनपेक्षा जास्त माणसं त्यात बसू शकत नाहीत. पैसे आणि नाव सांभाळणारी पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन वेगळी, तिचं संचालक मंडळ सभासद निवडतात. त्यांच्यातही भांडणं होतात, पण म्हणून कुणाची साइट रात्रीतून अडकत नाही.

काही तरुण मित्र म्हणतात, दादा, कोड खुला आहे ना, पटत नसेल तर उचला आणि वेगळी चूल मांडा. बरोबर आहे. वर्डप्रेस स्वतःच तसं जन्मलं. पण कोड उचलता येतो, नाव नाही. ज्या दारातून लाखो वेबसाइटना अपडेट जातात ते दारही उचलता येत नाही. म्हणूनच जून २०२५ मध्ये काही लोकांनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 'फेअर' नावाचा प्रकल्प काढला, प्लगइन आणि अपडेट एकाच दारावर अवलंबून राहू नयेत म्हणून. खरं तर हे काम वर्डप्रेस फाउंडेशनचं होतं.

आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक न्यासाचा कायदा आहे. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळतात, त्यावर मी भरपूर लिहिलंय आणि शिव्याही खाल्ल्यात. पण निदान गावातला कोणीही कार्यालयात जाऊन विचारू शकतो, या संस्थेवर कोण आहे आणि मालमत्ता काय दाखवलीय. डॉट ऑर्गबद्दल हा प्रश्न लोकांनी वीस वर्षं विचारलाच नाही, कारण सगळं फुकट मिळत होतं.

माझं पोर्टल मी वर्डप्रेसवरच ठेवणार आहे. एवढं चांगलं दुसरं काही परवडत नाही. पण गेल्या दहा वर्षांच्या बातम्या, ग्रामपंचायतीचे निकाल, दुष्काळाचे फोटो, गेलेल्या माणसांवरचे लेख, या सगळ्याची एक प्रत दर महिन्याला घरच्या हार्ड डिस्कवर घेतो. पोर्टल चालवणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे, तुम्हीही घ्या. आणि ज्यांचं डोमेन अजून वेबसाइट बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर आहे, त्यांनी ते याच आठवड्यात स्वतःच्या नावावर करून घ्या. जमत नसेल तर संध्याकाळी ऑफिसला या, बसून करू.