शिष्यवेतन

मराठीत आपण ज्याला विद्यावेतन म्हणतो त्याला कन्नडमध्ये शिष्यवेतन म्हणतात. कन्नडमधून मराठी करताना मी एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवत आले; आता सरळ 'पगार' लिहिणार आहे. रात्रभर वॉर्ड सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टरच्या कामाला विद्या किंवा शिष्य जोडला, की मोबदला मागणारा उद्धट ठरतो. पैशाचं एक वेळ सोडा. हाच शब्द आजारपणातही आडवा येतो.

बेंगळुरूत बळ्ळारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे, 1959 सालची. तिथल्या बॅनर्जी आणि अँडरसन यांचा तुमकूर जिल्ह्यातला अभ्यास 1963 मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातले लोक अडाणी, म्हणून दवाखान्यात येत नाहीत, हा समज त्याने मोडला. क्षयरोग्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक सरकारी दवाखान्यात येऊन गेलेले होते. खोकल्याची बाटली देऊन त्यांची बोळवण झाली होती. हा अभ्यास रुग्णाच्या बाजूने वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण टेबलाच्या अलीकडे कोण बसतं? नीट औषधं चालू असलेल्या क्षयरोग्यापासून संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. खरा धोका निदान न झालेल्याचा, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात तो आधी इंटर्नसमोर येऊन खोकतो. इंटर्नच्या तोंडावर असतो साधा सर्जिकल मास्क. तो समोरच्याला वाचवतो. हवेत तरंगणाऱ्या जंतूंपासून घालणाऱ्याला वाचवायला एन-95 लागतो, आणि उघडी खिडकी. खिडकीला तर टेंडरही काढावं लागत नाही!

वॉर्डाबाहेर तरी बरं आहे का? एप्रिल 2024 मध्ये, शहर पाण्यासाठी वणवण करत असताना, बंगळूर मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहातल्या 47 विद्यार्थ्यांना व्हिक्टोरिया रुग्णालयात दाखल करावं लागलं. जुलाब, उलट्या, कॉलऱ्याचा संशय. कॉलरा म्हणजे पटकी, जिच्या भीतीने आपल्याकडे गावोगाव मरीआई बसवली गेली. दूषित पाण्याने काय होतं हे ज्यांना आपण शिकवतो, त्यांच्या ताटातलं आणि पेल्यातलं कोण तपासतं?

2025 पर्यंत लागू असलेल्या कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याला व्यावसायिक आजारांची अनुसूची जोडलेली होती. तिच्यात सुरुवातीलाच संसर्गजन्य रोग होते, आणि त्यांत आरोग्यसेवेतलं काम नाव घेऊन नमूद होतं. पण डॉक्टर 'विद्यार्थी' ठरला, की त्या यादीपर्यंत पोचण्याआधीच वाद सुरू. ड्यूटी लावताना तो कर्मचारी, भरपाई मागताना शिष्य.

कोविडात मात्र तो योद्धा झाला. तेव्हा केंद्राने 50 लाखांचं विमा संरक्षण दिलं, मृत्यूसाठी. आजारी पडून जगलेल्या योद्ध्याला त्यातून काही नव्हतं. रूपक फुकट मिळतं तेव्हा भाषेच्या माणसांनी तरी सावध राहायला हवं होतं. आपण कविता लिहिल्या.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात 80 टक्के हजेरी सक्तीची आहे, आणि रजा वाढली की अभ्यासक्रम लांबतो. क्षयाची औषधं किमान सहा महिने. असा नियम असताना चोवीस-पंचवीस वर्षांचं पोर खोकला दडपून वॉर्डात उभं राहिलं, तर त्याला बेजबाबदार कोण म्हणेल? कामावर जडलेल्या आजाराची रजा पगारी असावी आणि हजेरीतून कापली जाऊ नये. ती मागायला विभागप्रमुखांच्या दारात ताटकळत उभं राहावं लागू नये.