सांगड सुटू देऊ नका



वारशाचे सोहळे हल्ली उदंड झाले आहेत. मांडव सरकारी, बक्षिसे सरकारी, भाषणेही सरकारी. आणि ज्यांचा इतिहास मांडायचा ते दोरीपलीकडे उभे राहून टाळ्या वाजवतात! अशाने इतिहास जिवंत राहील काय? माणसे तो स्वतःच्या हातांनी उभा करतात तेव्हाच तो जगतो.

कुंभारजुव्याचा सांगोड पाहा. चतुर्थीच्या सातव्या दिवशी दोन होड्या एकमेकींना बांधतात, त्यांवर फळ्या टाकतात आणि गावचीच माणसे पुराणातले, इतिहासातले प्रसंग वठवीत पाण्यावरून मिरवतात. पोर्तुगीज अमदानीत या भागातल्या देवदेवता पाण्यापलीकडे न्याव्या लागल्या. कुंभारजुवेकरीण शांतादुर्गा आज माशेलला आहे. नावात मात्र तिचे बेट टिकून आहे. २९ जूनला सेंट पीटरच्या फेस्ताला ख्रिस्ती मच्छीमारही सांगोड बांधतात. देव निराळे, पण होडी तीच. दोन होड्या जोडण्याला आपल्या मराठीत सांगड म्हणतात, हे विसरू नका.

ही सांगड किनाऱ्यापुरतीच नाही. घाट चढून जा. बेळगावहून खानापूरकडे निघाले की मच्छे गाव लागते. तिथे समुद्र नाही, पण रीत हीच. दिवाळीला पोरे चिखल तुडवून किल्ला रचतात, त्यावर मोहरी पेरतात, मावळे मांडतात. वैशाखातल्या शिवजयंतीनंतर बेळगावात चित्ररथ निघतात. त्यांवर गल्लीतली तरुण पोरेच शिवाजी, तानाजी, बाजीप्रभू होऊन उभी राहतात. रात्र सरते, मिरवणूक सरत नाही.

पण किल्ल्याला माती लागते आणि सांगोडाला होडी. ती कुठून आणणार?

हलगा-मच्छे बायपाससाठी तिथल्या पिकाऊ जमिनी घेतल्या गेल्या. शेतकऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली, रस्त्यावर ठाण मांडले. तरी २०२१ साली पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकांत यंत्रे घुसली. ज्याचे शेत गेले त्याच्या पोराने किल्ला सिमेंटचा करायचा की विकतचा आणायचा?

आपल्याकडेही तेच झाले आहे. ट्रॉलर किनाऱ्याला भिडले, रापण रिकामी येऊ लागली, तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले. त्या लढ्यानंतर १९८० साली मासेमारी नियमनाचा कायदा झाला. तो लढा पोटासाठी होता, हे खरे. पण होडी टिकली म्हणून सांगोडही टिकला, हेही तितकेच खरे. धंदा बुडालेल्या गावात सण उरतो तो देखाव्यापुरता. भाड्याची होडी, भाड्याचे नट आणि पाहायला पाहुणे!

तेव्हा बांधवहो, सोहळ्यासाठी कोणी निधी देऊ केला तर जरूर घ्या. पण आधी विचारा, होडी ओढून ठेवायला वाळू राहणार काय? जाळी सुकवायला जागा राहणार काय? शेताचा बांध शाबूत राहणार काय? ग्रामसभेत हे प्रश्न उभे राहून विचारा. आणि यंदा सांगोड बांधताना पोरांना काठावर उभे करू नका. दोरीची गाठ त्यांच्या हातून मारून घ्या. ती गाठ ज्याला मारता येईल, त्यालाच इतिहास आपला वाटेल.